१९९८ च्या मारुती एस्टीमला पुढच्या ब्रेक डिस्क नेमक्या कोणत्या बसतात?

देवगड बंदर

नमस्कार. आमच्या घरी नोव्हेंबर १९९८ मध्ये बनलेली मारुती एस्टीम एलएक्स आहे, इंजिन १.३ लिटरचे, कार्ब्युरेटरचे. वडिलांनी ती नवीच घेतली आणि नोंदणीचे वेळोवेळी नूतनीकरण करून आजही चालती ठेवली आहे. पावसाळ्यात ती फारशी बाहेर निघत नाही, शेडमध्ये उभी असते, आणि खाडी शेडपासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे पत्रा असो वा ब्रेक, गंजाशी झगडा बारमाही चालू असतो.

यंदाच्या पावसाळ्यानंतर फोंडा घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू लागते आणि पेडल पायाखाली हलकेच वरखाली होते. पुढची चाके काढून पाहिली तेव्हा दोन्ही डिस्कवर खोल चरे पडलेले दिसले आणि बाहेरच्या कडेला गंजाचा जाड कंगोरा तयार झालेला आढळला. डिस्क बदलायला हव्यात याबद्दल घरात दुमत नाही, परंतु कोणत्या घ्यायच्या हे ठरत नाही.

कणकवलीच्या एका दुकानदाराने आमची ओळख असल्यामुळे दोन कंपन्यांची खोकी बरोबर दिली आणि जी बसेल ती ठेवा, दुसरी परत आणा, असे सांगितले. दोन्ही खोक्यांवर ‘एस्टीम’ असे स्पष्ट छापलेले आहे. दोन्ही डिस्क आतून पोकळ, म्हणजे हवा खेळती राहणाऱ्या प्रकारच्या आहेत, दोन्हींना चाकाच्या बोल्टची चार भोके आहेत आणि एकीवर एक ठेवल्यावर व्यासही सारखाच दिसतो. मात्र शेजारी शेजारी ठेवल्या की एकीचा मधला, हबवर (चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागावर) बसणारा भाग दुसरीपेक्षा उंच असल्याचे नुसत्या डोळ्यांनी कळते. आमचा मेकॅनिक दोन्ही बसतील असे म्हणतो. तो अनुभवी आहे, पण गाडीत वडील आणि आई दोघेही बसतात आणि रस्ता घाटाचा आहे, म्हणून नुसत्या ‘बसतील’ या शब्दावर निर्णय घ्यावा असे मला वाटत नाही.

मधल्या काळात एकदा डिस्क बदलल्या गेल्या होत्या, परंतु त्यांचे बिल आता घरात सापडत नाही. त्यामुळे सध्या गाडीवर असलेल्या डिस्क मूळ मापाच्याच आहेत असेही ठामपणे म्हणता येत नाही. अशा वेळी योग्य डिस्क कशी ओळखावी, कोणती मापे घ्यावीत आणि ती घरच्या हत्यारांनी कशी घ्यावीत, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे ही विनंती.

नांदगाव तिठा

मी सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर बसतो, म्हणून काउंटरच्या बाजूने काय दिसते ते सांगतो.

जुन्या गाडीचा ब्रेकचा भाग केवळ गाडीचे नाव आणि साल सांगून मागू नये. एखाद्या मॉडेलमध्ये कारखाना बदल करतो तो १ जानेवारीचा मुहूर्त पाहून करत नाही. वर्षाच्या मध्येच पुरवठादार बदलतो, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदलतो, कधी हब बदलतो. त्यातून गाडी बनते एका साली आणि तिची नोंदणी होते पुढच्या साली, आणि गिऱ्हाईक सांगते ते बहुधा नोंदणीचे साल. तुम्ही उत्पादनाचा महिना दिलात हे उत्तम केलेत, कारण नोंदणी पुस्तकात तो छापलेला असतो आणि तोच आम्हाला उपयोगी पडतो.

यापुढची पायरी म्हणजे चेसिस क्रमांक. तो घेऊन अधिकृत विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या काउंटरवर जा आणि त्यांच्या कॅटलॉगमधून पुढच्या डिस्कचा भाग क्रमांक लिहून मागा. एस्टीमचे उत्पादन २००७ मध्ये थांबले असले तरी क्रमांक मिळण्याला त्याची आडकाठी नाही. माल तिथे शिल्लक नसला तरी क्रमांक हातात आला की अर्धे काम झाले. जुना क्रमांक रद्द होऊन त्याच्या जागी नवा आलेला असेल तर तोही लिहून घ्या, कारण बाहेरच्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये कधी जुना क्रमांक सापडतो, तर कधी नवा.

खोक्यावरच्या नावाविषयी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ते नाव आमच्यासारख्यांना फळीवरून माल पटकन काढता यावा म्हणून असते, आणि एकाच खोक्यावर तीन-चार गाड्यांची नावे असणे ही रोजची बाब आहे. विश्वास ठेवायचा तो कंपनीच्या कॅटलॉगमधल्या मापांच्या तक्त्यावर. चांगली कंपनी प्रत्येक डिस्कचा व्यास, नवी असतानाची जाडी, किमान जाडी, एकूण उंची, मधल्या भोकाचे माप आणि बोल्टच्या वर्तुळाचे माप देते. हा तक्ता दुकानदाराकडे मागायला संकोच करू नका. जी कंपनी मापे देतच नाही तिची डिस्क मी स्वतःच्या गाडीला घेणार नाही.

चार भोके जुळली म्हणून डिस्क जुळली असे मुळीच समजू नये. बोल्टचे ११४.३ मिमीचे वर्तुळ एस्टीमला आहे तसेच ते इतर कितीतरी गाड्यांनाही आहे.

परशुराम घाट

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. मी चिपळूणचा, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे मापांबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या दोन खोक्यांमधला जो फरक डोळ्यांना दिसला तोच या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा फरक आहे. डिस्कची एकूण उंची म्हणजे पॅड जिथे घासतात त्या कड्याच्या आतल्या पृष्ठभागापासून, टोपीसारख्या मधल्या भागाच्या हबकडून दूर असलेल्या, म्हणजे चाक टेकते त्या बाजूपर्यंतचे अंतर. कॅलिपरचा ब्रॅकेट नॉकलला, म्हणजे हब धरून ठेवणाऱ्या भागाला, पक्का बसवलेला असतो, तो जागचा हलत नाही. डिस्कची उंची जास्त असेल तर घासणारे कडे गाडीच्या आतल्या बाजूला सरकते, कमी असेल तर बाहेरच्या बाजूला. एस्टीमचा कॅलिपर पिनांवर सरकणारा असल्यामुळे दोन-तीन मिलिमीटरचा फरक तो पोटात घेतो, चाक फिरते, ब्रेकही लागतो, आणि म्हणूनच मेकॅनिक प्रामाणिकपणे ‘बसते’ असे म्हणतो. परंतु अशा बसवण्यात पिना पहिल्या दिवसापासून एका टोकाकडे गेलेल्या असतात. पॅड झिजू लागले की कॅलिपरला सरकायला जागा अपुरी पडू शकते, मग आतला आणि बाहेरचा पॅड असमान झिजतो आणि ते लक्षात येते ते बहुधा घाटात, डिस्क तापल्यावर. त्यामुळे व्यास, भोके आणि जाडी जुळत असली तरी उंची जुळल्याशिवाय डिस्क घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मापे कशी घ्यायची ते पाहू. जुनी डिस्क हबवरून काढावी लागेल. कॅलिपर काढल्यावर तो रबरी होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा. आपल्याकडच्या हवेत डिस्क हबला गंजाने चिकटलेली असणार हे गृहीत धरा. डिस्कच्या मधल्या भागात आटे पाडलेली दोन लहान भोके असतात. गंज सोडवणारे तेल सोडून थोडा वेळ जाऊ द्या आणि त्या भोकांमध्ये ८ मिमीचे दोन बोल्ट घालून ते आळीपाळीने थोडे थोडे आवळत जा, म्हणजे डिस्क सरळ बाहेर येते. एकच बोल्ट शेवटपर्यंत आवळला तर बिडाचा तुकडा उडण्याची भीती असते.

जाडी मोजताना बहुतेकांची फसगत होते ती कंगोऱ्यामुळे. व्हर्निअरचे जबडे कडेच्या न झिजलेल्या आणि गंजलेल्या भागावर टेकतात आणि माप जास्त भरते. मायक्रोमीटर मिळाला तर प्रश्नच नाही. नसेल तर एकाच मापाची दोन नाणी घ्या, दोन्ही बाजूंनी कंगोऱ्याच्या आत, कडेपासून साधारण १० मिमीवर समोरासमोर धरा, नाण्यांसकट माप घ्या आणि नाण्यांची जाडी वजा करा. हे माप डिस्कभर सात-आठ ठिकाणी घेऊन लिहून ठेवा. डिस्क प्रत्यक्षात वाकलेली क्वचितच असते. ओल्या हवेत गाडी दीर्घकाळ एका जागी उभी राहिली की पॅडखालचा भाग आणि उघडा भाग वेगवेगळे गंजतात, पुढे ते असमान झिजतात आणि जाडीतला अगदी किंचित फरकही पायाला आणि हाताला जाणवतो. तुमची गाडी पावसाळ्यानंतर थरथरू लागली याचे कारण बहुधा यातच सापडेल.

व्यासासाठी मोठा व्हर्निअर नसेल तर कंगोऱ्यावरचा सुटा गंज खरवडून काढा, शिंप्याची टेप कडेभोवती घट्ट गुंडाळा आणि येणाऱ्या परिघाला ३.१४ ने भागा. एकूण उंचीसाठी जुनी डिस्क सपाट काचेवर, टोपीचा भाग वर येईल अशी ठेवा. ती न झिजलेल्या कंगोऱ्यावर टेकत असल्यामुळे, गंज नीट खरवडलेला असेल तर, झिजलेल्या डिस्कवरूनही मूळची उंची बऱ्यापैकी अचूक मिळते. टोपीवर एक सरळ पट्टी आडवी ठेवून पट्टीच्या खालच्या कडेपासून काचेपर्यंतचे अंतर मोजा आणि खोक्यातल्या दोन्ही डिस्कची उंचीही त्याच काचेवर, त्याच पट्टीने घ्या.

तारेच्या ब्रशने टोपीचा भाग आणि कड साफ करून पाहा. किमान जाडीचा आकडा तिथे कोरलेला किंवा ओतलेला असतो, आणि गंजाखाली तो बहुतेक वेळा शाबूत सापडतो.

शेवटचा मुद्दा तुमच्या बाबतीत विशेष लागू आहे. गाडीवरची डिस्क मूळ मापाची आहे की नाही हे माहीत नसताना तिच्याशी जुळणारी डिस्क आणली तर आधीची चूक असल्यास तीच पुन्हा गाडीवर चढते. म्हणून प्रमाण मानायचा तो जुन्या डिस्कला नव्हे, तर ब्रॅकेटला. हबचा तोंडाचा भाग चकचकीत साफ करा, नवी डिस्क हबवर ठेवा, चाकाचे नट वायसर घालून चारही बाजूंनी आवळा आणि कॅलिपरचा रिकामा ब्रॅकेट त्याच्या बोल्टांनी बसवा. डिस्क ब्रॅकेटच्या खाचेच्या मध्यावर फिरली पाहिजे. आतल्या आणि बाहेरच्या बाजूची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) किंवा ड्रिलच्या दांड्यांनी मोजा. दोन्ही फटी जवळपास सारख्या आल्या तर ती डिस्क तुमच्या गाडीची.

देवगड बंदर

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. रविवारी मेकॅनिकला घरीच बोलावून घेतले आणि सरांचा प्रतिसाद त्यालाही वाचून दाखवला. त्यानेही सर्व मापे घेण्यात उत्साहाने साथ दिली, हे नमूद करायला हवे.

उजव्या बाजूची डिस्क दोन बोल्टांनी लगेच सुटली. डावी मात्र सुटता सुटेना आणि तेल सोडून ती दुपारपर्यंत तशीच ठेवावी लागली. ब्रशने साफ केल्यावर टोपीच्या कडेला किमान जाडी १५ मिमी असल्याचा मजकूर वाचता आला. नाण्यांच्या पद्धतीने मोजल्यावर उजवी डिस्क सगळीकडे १५.६ ते १५.८ मिमी भरली, तर डावी काही ठिकाणी १५.१ आणि काही ठिकाणी १४.७ भरली. डावी डिस्क उन्हात तिरकी धरली तर पॅडच्या आकाराचा काळपट ठसा तिच्यावर अजूनही दिसतो, आणि सरांनी वर्तवलेले कारण खरे असल्याचे त्यावरून आमच्या सर्वांच्या लक्षात आले. परिघ टेपने ७२५ मिमीच्या थोडा पुढे येतो, म्हणजे व्यास २३१ मिमीच्या आसपास. दोन्ही नव्या डिस्कही त्याच मापाच्या आहेत आणि दोन्हींची जाडी १७ मिमी आहे.

फरक फक्त उंचीत निघाला. पहिल्या खोक्यातली डिस्क जुन्या डिस्कशी अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळते, दुसऱ्या खोक्यातली सुमारे ३ मिमी जास्त उंच आहे. ब्रॅकेट लावून पाहिल्यावर तर शंकाच उरली नाही. पहिली डिस्क दोन्ही बाजूंना जवळपास सारखी फट सोडून खाचेच्या मध्यावर फिरते. दुसरी आतल्या बाजूला इतकी सरकलेली राहते की तिकडची फट नजरेलाच निम्म्याहून कमी दिसते, आणि मागचा धूळ अडवणारा पत्राही तिला एका जागी घासतो. अधिकृत विक्रेत्याकडून चेसिस क्रमांकावरून मिळालेला भाग क्रमांक पहिल्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये सापडला, दुसऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये मात्र तो कुठेच नाही. दुसऱ्या खोक्याविषयी दुकानदाराला फोनवर कळवले आहे, म्हणजे ते ‘एस्टीम’ म्हणून दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार नाही.

पॅड मात्र अजून घेतलेले नाहीत. डिस्क बसवण्याआधी आणखी काही पाहायचे असल्यास कृपया सांगावे.

मालवण चिवला

जुन्या डिस्क लेथवर फेस मारून का घेत नाही? उजवी तर अजून १५ मिमीच्या वर आहे. आमच्या गाडीच्या डिस्क अशाच घासून घेतल्या आणि थरथर गेली. पैसेही वाचतील आणि मापांचा एवढा खटाटोपही करावा लागणार नाही.

परशुराम घाट

मालवणच्या दादांची सूचना सरसकट चुकीची नाही. डिस्क पुरेशी जाड असताना लेथचे काम योग्यच ठरते. इथे मात्र डावी डिस्क आधीच किमान जाडीच्या खाली गेली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल चर्चेला जागा नाही. उजवीवर चरे खोल आहेत; ते निघेपर्यंत दोन्ही बाजूंनी मिळून निदान अर्धा-पाऊण मिलिमीटर धातू जाईल आणि ती किमान मापाच्या अगदी टोकावर येईल, म्हणजे झिजायला काही उरणारच नाही. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते आणि लवकर तापते. सपाट रस्त्यावर हे चटकन जाणवणार नाही, पण फोंडा घाटाच्या उतारावर जाणवेल. शिवाय डिस्क नेहमी जोडीनेच बदलाव्यात. एकीकडे नवी आणि दुसरीकडे घासलेली ठेवली तर दोन्ही चाकांची पकड सारखी राहण्याची खात्री देता येत नाही.

देवगडकर, तुम्ही मापे फार नीट घेतलीत. पॅड आणताना जुने पॅड बरोबर घेऊन जा आणि आकार, कान, मागच्या पत्र्याची जाडी, क्लिपा बसण्याच्या खाचा, सगळे समोरासमोर ताडून पाहा, कारण एकाच मॉडेलला दोन पुरवठादारांचे कॅलिपर लागलेले असणे आपल्याकडे नवे नाही. जुने पॅड नव्या डिस्कवर चढवू नका. त्यांच्यावर जुन्या डिस्कच्या चऱ्यांचा आकार उमटलेला असतो.

बसवताना सर्वांत जास्त वेळ हबच्या तोंडावर घालवा. तिथे गंजाचा एक खवला राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते, आणि नवी कोरी डिस्क काही महिन्यांत पुन्हा थरथरू लागते. कोल्हापूरला कोणाचे जाणे होणार असेल तर उद्यमनगरातून चुंबकाच्या स्टँडसह डायल गेज मागवून घ्या. डिस्क नटांनी आवळून कडेपासून थोडी आत मोजल्यावर फिरत्या डिस्कची डगमग ०.१ मिमीच्या आत असावी. जास्त भरली तर डिस्क काढून हबवर एक भोक पुढे फिरवून पुन्हा मोजा, बहुतेक वेळा एखाद्या जागी ती नीट बसते. तरीही सुधारणा झाली नाही तर दोष हबमध्ये किंवा बेअरिंगमध्ये शोधावा लागेल.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेले असते, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसून काढा आणि त्यानंतर घासणाऱ्या पृष्ठभागाला बोटे लावू नका. कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून साफ करा, त्यांच्यासाठीचेच उष्णतारोधक ग्रीस लावा आणि रबरी बूट फाटलेले असतील तर बदला. समुद्राकाठच्या गाडीत पिना अडकल्यामुळेही डिस्क एका बाजूने झिजते. पिस्टन मागे दाबण्याआधी ब्रेक ऑइलच्या डब्याची पातळी पाहा, काठोकाठ भरलेला असेल तर थोडे तेल काढून घ्या, नाहीतर ते उतू जाऊन रंग खराब करील. काम झाल्यावर गाडी सुरू करण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करायला विसरू नका, कारण पिस्टन मागे गेलेले असल्यामुळे पहिले दोन-तीन दाब पोकळ जातात.

पहिले दोनेकशे किलोमीटर देवगड ते नांदगाव अशा मोकळ्या रस्त्यावरच चालवा, ब्रेक मध्यम दाबाने आणि अंतर राखून लावा, कडकडून दाबण्याचा प्रसंग शक्यतो येऊ देऊ नका. त्यानंतर चाके काढून पॅडचा ठसा डिस्कच्या पूर्ण रुंदीवर सारखा उमटला आहे ना ते पाहा आणि नट पुन्हा तपासा. ठसा सारखा असेल तरच गाडी घाटात न्या.